गुगल फाइंड हब की सॅमसंग फाइंड?

सॅमसंगचा फोन घेतलाय आणि हरवलेला फोन शोधायच्या या दोन सोयींपैकी काय चालू ठेवू असं विचारलंस ना, तर खर्च दोन्हीला शून्य. सायलेंटवर असला तरी दोन्हीकडून रिंग वाजते, लॉक आणि डेटा इरेजही होतो. खरा फरक नेट बंद असताना. गुगल आजूबाजूच्या अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथवरून शोधतं पण सुरुवातीची सेटिंग फक्त गर्दीच्या जागांपुरती असते, ती बदलून 'सगळीकडे' कर, हे खूप जण विसरतात. सॅमसंग मात्र आजूबाजूच्या गॅलेक्सी डिव्हाइसवरून शोधतं, शिवाय लांबूनच बॅटरी सेव्हिंग लावता येतं. त्यासाठी सॅमसंग अकाउंट आणि ऑफलाइन फाइंडिंग (नेट नसतानाही फोन शोधू देणारी सेटिंग) आधीच चालू हवं, हरवल्यावर काही करता येत नाही. घरात वेगवेगळ्या कंपन्यांचे अँड्रॉइड असतील तर गुगल, सगळं गॅलेक्सीच असेल तर सॅमसंग. तुझ्या फोनवर मात्र दोन्ही चालू ठेव, आजच.