फ्रेड: होऊ घातलेल्या बिझनेस अ‍ॅनालिस्टने सगळ्यात आधी उघडावी अशी साइट

एसक्यूएल, एक्सेल, पॉवर बीआय ही डेटा हाताळायची साधनं सगळी शिकून आलेली मुलं-मुली मला कामात नेहमी भेटतात. हुशार असतात, कष्टाळू असतात. पण स्लाइडवर ‘विक्री आठ टक्क्यांनी वाढली’ असं लिहिलेलं दिसलं की मी विचारते, ‘यात भाव किती वाढले आणि माल किती जास्त गेला?’ तिथे बहुतेक जण अडतात. मी पॅकेजिंगच्या धंद्यात मागणीचे अंदाज बांधते. पुठ्ठ्याची किती खोकी लागतील हे आमच्या ग्राहकांच्या कारखान्यांवर ठरतं, आणि ते कारखाने चालतात लोकांच्या खरेदीवर, व्याजदरांवर, रोजगारावर. कंपनीच्या डेटाबेसात परिणाम दिसतो, कारण बाहेर असतं. ते बाहेरचं बघायला नव्या माणसाला मी ज्या साइटवर बसवते, तिचा हा रिव्ह्यू.

फ्रेड हा अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने चालवलेला आर्थिक आकडेवारीचा संग्रह. १९९१ पासून चालू आहे. आठ लाखांहून जास्त आकडेमालिका, शंभराहून जास्त स्रोत, आणि सगळं मोफत. आलेख बघायला किंवा फाइल उतरवून घ्यायला खातंसुद्धा उघडावं लागत नाही.

मला ही साइट आवडते ती तिथल्या ‘ग्राफ बदला’ या बटणामुळे. एकच मालिका डॉलरमध्ये बघा, मग वर्षभरापूर्वीच्या तुलनेत टक्क्यांत बघा, मग एखादा महिना १०० धरून निर्देशांकात बघा. प्रत्येक वेळी चित्र बदलतं, आणि आकडा सांगताना एकक सांगणं का भाग आहे हे शिकवावं लागत नाही. अमेरिकेच्या किरकोळ विक्रीच्या दोन मालिका शेजारी लावून बघा: एक चालू किमतींची, दुसरी महागाई वजा केलेली. २०२१ च्या वसंतानंतर पहिली रेषा चढतच जाते, दुसरी जवळजवळ आडवी पडते. जून २०२२ मध्ये तिथली वार्षिक महागाई ९.१ टक्क्यांवर होती. त्या काळात नुसती ‘विक्री वाढली’ म्हणून कोणी गोदाम वाढवायची शिफारस केली असती, तर ती भाववाढीच्या जोरावर केलेली शिफारस ठरली असती. होऊ घातलेल्या अ‍ॅनालिस्टला हा एक आलेख दाखवला की पुढे बरंच सोपं जातं.

दुसरा धडा वेळेचा. मार्च २०२० उघडा. बेरोजगार भत्त्यासाठी आलेले नवे अर्ज ही मालिका दर आठवड्याला येते. ती काही आठवड्यांत दोन लाखांच्या आसपासवरून साठ लाखांच्या घरात गेली. त्याच मार्चचा बेरोजगारी दर मात्र ४.४ टक्केच दिसतो, कारण तो ज्या पाहणीतून निघतो ती महिन्याच्या बाराव्या तारखेच्या आठवड्याची असते आणि टाळेबंदीची खरी लाट त्यानंतर आली. एप्रिलचा दर १४.८ टक्के. दोन्ही आकडे खरेच, फरक मोजणीच्या वेळेचा. कोणता निर्देशक आधी हलतो, कोणता मागाहून येतो, हे पाठ करण्यापेक्षा या दोन रेषा एकमेकींवर ठेवून बघितलेलं डोक्यात जास्त पक्कं बसतं.

२०२० च्याच दुसऱ्या तिमाहीत अमेरिकेचा जीडीपी पहिल्या अंदाजानुसार ३२.९ टक्क्यांनी घसरला. हा वार्षिक दराने मांडलेला आकडा, म्हणजे तीन महिन्यांतली घट त्याच वेगाने वर्षभर चालली तर जितकी होईल तितका. त्या तीन महिन्यांतली प्रत्यक्ष घट साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होती. मालिकेच्या नावाखालची ती बारीक ओळ, ‘वार्षिक दराने, हंगामी फेरफार करून’, मी नव्या माणसाला मोठ्याने वाचायला लावते. हंगामी फेरफार म्हणजे सणासुदीसारखे दर वर्षी ठरलेल्या वेळी येणारे चढउतार वजा करणं. तो न केलेली मालिका घेऊन डिसेंबरची तुलना जानेवारीशी केली, तर दर जानेवारीत संकट दिसेल.

आता अल्फ्रेड. फ्रेडचं हे जुळं भावंड फार थोड्यांना माहीत असतं आणि माझ्या मते तेच जास्त मोलाचं आहे. एखाद्या तारखेला लोकांच्या हातात कोणता आकडा होता, ते इथे बघता येतं. २००८ च्या शेवटच्या तिमाहीच्या जीडीपीचा पहिला अंदाज जानेवारी २००९ मध्ये आला, तेव्हा वार्षिक दराने घट ३.८ टक्के सांगितली होती. दुरुस्त्या होत होत ती आठ टक्क्यांच्या वर गेली. म्हणजे आजचा दुरुस्त आकडा वापरून ‘आमचं मॉडेल तेव्हा अचूक चाललं असतं’ असं कोणी दाखवलं, तर त्या मॉडेलला तेव्हा कोणाकडेच नसलेली माहिती दिलेली असते. आलेखावरच्या मंदीच्या करड्या पट्ट्यांचंही तसंच. डिसेंबर २००७ मध्ये मंदी सुरू झाली होती हे अधिकृतपणे जाहीर झालं १ डिसेंबर २००८ ला. पट्टी बघून ‘हे तर दिसतच होतं’ म्हणणाऱ्याला मी लगेच थांबवते.

उणिवाही आहेत. शेअर निर्देशांक एस अँड पी ५०० फक्त मागच्या दहा वर्षांचा मिळतो. मिशिगन विद्यापीठाचा ग्राहक-भावना निर्देशांक स्रोताच्याच सांगण्यावरून महिनाभर उशिरा येतो. कारखान्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारून काढलेला आयएसएम निर्देशांक २०१६ मध्ये काढून टाकला गेला. माझ्यासारख्या कारखान्यांवर नजर ठेवणाऱ्यांना तो सगळ्यात जास्त लागतो, त्यामुळे याची मला खरोखर खंत वाटते. अमेरिकेबाहेरच्या मालिकांचा दर्जा एकसारखा नाही. बऱ्याच फक्त वार्षिक, काही मध्येच थांबलेल्या. दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी काम करत असाल तर पद्धत फ्रेडवर शिका आणि आकडे त्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयातून घ्या.

आणखी एक सावधगिरी. दोन अक्षांवर दोन रेषा ठेवून कशाचंही कशाशी नातं दाखवता येतं, आणि फ्रेड तुम्हाला अडवणार नाही. दहा आणि दोन वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या व्याजातला फरक २०२२ च्या जुलैपासून दोन वर्षांहून जास्त काळ शून्याखाली होता, म्हणजे दहा वर्षांच्या रोख्याचं व्याज दोन वर्षांच्या रोख्यापेक्षा कमी होतं. मंदीची खूण म्हणून त्याचा दबदबा मोठा, पण त्या दोन वर्षांत मंदी जाहीर झाली नाही. त्यामुळे एकाच निर्देशकावर शिफारस उभी केलेली मला चालत नाही. निदान रोजगार आणि उत्पादन यांच्याशी ती पडताळलेली लागते.

तयार उत्तर हवं असणाऱ्याला ही साइट रुक्ष वाटेल. इथे कोणी टिप्पणी करत नाही, सल्ला देत नाही. शिकणाऱ्यासाठी मी पाचपैकी साडेचार तारे देईन, अर्धा त्या आयएसएमपायी कापला. सुरुवात करताना आपल्या धंद्याला लागू पडणारे तीनच निर्देशक निवडा आणि ते कधी प्रसिद्ध होतात त्या तारखा कॅलेंडरमध्ये टाका. हाताने फाइल उतरवायचा कंटाळा आला की मोफत एपीआय की (तुमच्या प्रोग्रामला आकडे थेट मागवू देणारा सांकेतिक कोड) घ्या, आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या तारखेला घेतला याचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. दुरुस्ती आल्यावर तुमचा अंदाज का बदलला, हे साहेबांना दाखवायला तोच रकाना लागतो.