बजेट टॅब महागड्या टॅबच्या तोडीला उतरतो का? काही महिन्यांच्या वापरानंतर

सिनेमे, मालिका, व्याख्यानं, गाणी आणि जोडीला थोडंफार वाचन, एवढ्याचसाठी टॅबलेट हवा असेल तर स्वस्तातला टॅब पुरतो का? गेले काही महिने घरात दोन्ही प्रकारचे टॅब आहेत आणि दोन्ही रोज वापरात आहेत. त्यावरून माझं मत असं बनलंय: चित्र एकदा सुरू झालं की बजेट टॅब महागड्याच्या बराच जवळ जातो. चित्र सुरू होईपर्यंत आणि ते बंद केल्यानंतर मात्र तो मागे पडतो. अंधाऱ्या प्रसंगांत तर चित्र सुरू असतानाही मागे पडतो.

माझा टॅब बजेट गटातला आहे. ११ इंची आयपीएस एलसीडी स्क्रीन, १९२० बाय १२०० रिझोल्यूशन, ९० हर्ट्झ (म्हणजे स्क्रीन सेकंदाला ९० वेळा चित्र नव्याने दाखवते), चार स्पीकर, ४ जीबी रॅम, मेमरी कार्डाची जागा आणि ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक. दुसरा धाकट्या बहिणीचा. ती चित्रं काढते, म्हणून तिने पेन चालणारा, ओएलईडी स्क्रीनचा, १२० हर्ट्झचा, वरच्या गटातला टॅब घेतला. मॉडेलची नावं मुद्दामच देत नाही. या गटातली मॉडेलं दर वर्षी बदलतात, पण कंपन्या पैसे वाचवतात त्या जागा बहुतेक त्याच राहतात, आणि घेणाऱ्याला त्याच जागा माहीत असायला हव्यात.

सगळ्यात आधी तपासायची गोष्ट खोक्यावर बहुधा छापलेलीच नसते: वाइडवाइनची पातळी. वाइडवाइन ही सिनेमा-मालिकांची चोरटी नक्कल रोखणारी गूगलची यंत्रणा. पैसे भरून पाहायच्या बहुतेक स्ट्रीमिंग सेवा अँड्रॉइडवर तिच्यावरच अवलंबून असतात. एल१ पातळीत चित्राचं कुलूप उघडण्याचं सगळं काम चिपच्या सुरक्षित भागात होतं. एल३ मध्ये ते साध्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, म्हणून अशा टॅबला बहुतेक सेवा एचडी चित्र देतच नाहीत, साधारण ४८० रेषांच्या आसपासचं चित्र देतात. स्क्रीन कितीही चांगली असली तरी आत येणारं चित्रच धूसर असेल तर ती काय करणार? शिवाय नेटफ्लिक्ससारख्या सेवेत नुसतं एल१ असूनही भागत नाही, त्यांच्या मान्यताप्राप्त उपकरणांत तो टॅब असावा लागतो. त्यांच्या ॲपच्या सेटिंगमध्ये प्लेबॅक स्पेसिफिकेशन असं एक पान आहे. तिथे वाइडवाइनची पातळी आणि जास्तीत जास्त रिझोल्यूशन दोन्ही स्पष्ट लिहिलेलं असतं. टॅब परत करायची मुदत संपायच्या आत हे पान उघडून बघाच. यूट्यूबवरचे साधे व्हिडिओ या कुलुपाखाली नसतात, त्यामुळे एल३ चा टॅबसुद्धा तिथे झकास दिसतो. फसगत होते ती इथेच.

माझ्या टॅबमध्ये एल१ आहे, त्यामुळे पुढची तुलना करण्यात अर्थ आहे. एल१ नसेल तर माझ्या मते तो मीडिया टॅब नव्हेच.

आता स्क्रीन. ११ इंचांवर १९२० बाय १२०० म्हणजे इंचाला साधारण २०६ पिक्सेल. आयपॅडच्या मोठ्या स्क्रीनवर हा आकडा २६४ असतो. अक्षरं वाचताना हा फरक मला जाणवतो, विशेषतः जोडाक्षरं बारीक असली की. सिनेमा पाहताना नाही जाणवत, कारण फुल एचडी चित्र १९२० बाय १०८० चं असतं आणि ते या स्क्रीनवर पिक्सेलला पिक्सेल बसतं. ८०० आडव्या रेषांचे छोटे स्वस्त टॅब मात्र फुल एचडी चित्र आत घेतात आणि खाली दाबून दाखवतात. जाहिरातीत ‘१०८०पी सपोर्ट’ लिहिलेलं असेल तर आधी पॅनेलचं खरं रिझोल्यूशन शोधा.

आकाराच्या बाबतीत बजेट टॅब चक्क वरचढ ठरतो, आणि याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. बहुतेक स्वस्त अँड्रॉइड टॅब १६:१० प्रमाणाचे असतात, तर आयपॅड ४:३ किंवा त्याच्या जवळपासचे. कर्ण दोन्हींचा ११ इंच धरला, तर १६:९ चं चित्र १६:१० च्या स्क्रीनवर सुमारे ९.३ इंच रुंद दिसतं, ४:३ वर ८.८ इंच. क्षेत्रफळात हा फरक बारा टक्क्यांच्या आसपास जातो. रुंद पडद्यासाठी काढलेल्या सिनेमात तर ४:३ वर वर-खाली जाड काळे पट्टे येतात. उलट पीडीएफ, स्कॅन केलेली जुनी पुस्तकं, मासिकांची पानं यांना ४:३ फार सोयीचं. १६:१० चा टॅब उभा धरला की पान अरुंद होतं आणि आडवा धरला की अर्धंच दिसतं. बाबा माझ्या टॅबवर सिनेमे बघतात आणि वाचायला बहिणीचा मागतात, यातच सगळं आलं.

पण काळे पट्टे हा विषय निघालाच आहे तर खऱ्या उणिवेकडे येतो. आयपीएस एलसीडीत मागे दिवा सतत जळत असतो आणि पिक्सेल फक्त तो अडवतात, पण पुरता अडवू शकत नाहीत. अशा पॅनेलचा कॉन्ट्रास्ट सर्वसाधारणपणे १०००:१ ते १५००:१ असतो. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळ्यासाठी सरळ विझतो. दिवसा, उजेडाच्या खोलीत, हा फरक क्वचितच लक्षात येतो. रात्री दिवा मालवून बघायला बसलो की माझ्या टॅबवरचे काळे पट्टे राखाडी दिसतात, कोपऱ्यांतून हलका उजेड झिरपतो, आणि अंधारात घडणाऱ्या प्रसंगात माणसाचा कोट कुठे संपतो व भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. त्याच प्रसंगात बहिणीच्या स्क्रीनवर कोटाची घडी दिसते. छायाचित्रकाराने मेहनतीने बसवलेला अंधार नीट दिसावा असं ज्याला मनापासून वाटतं, त्याचं समाधान बजेट टॅबने होणार नाही. मी त्यातलाच आहे, म्हणून अशा सिनेमांसाठी आता तिचाच टॅब मागून घेतो.

एचडीआरचंही, म्हणजे उजेड-अंधारातलं अंतर जास्त ठळक दाखवणाऱ्या व्हिडिओचंही, तसंच. स्वस्त टॅब एचडीआरची फाइल चालवतो, पण दाखवायला लागणारी प्रखरता त्याच्याकडे नसते. ॲपलने २०२४ मध्ये एम४ चिपच्या आयपॅड प्रोला दुहेरी थराचं ओएलईडी दिलं. त्यात एचडीआरची कमाल प्रखरता १६०० निट्सपर्यंत (निट हे प्रखरता मोजायचं एकक) जाते. बजेट गटात ४०० च्या आसपास निट्स सर्रास दिसतात. घरात ते पुरतात. खिडकीशी बसलात तर चित्राआधी स्वतःचा चेहरा दिसतो, कारण अनेक स्वस्त टॅबमध्ये काच आणि पॅनेल यांच्यामध्ये हवेची फट असते आणि काचेवर परावर्तन कमी करणारा लेपही नसतो.

हर्ट्झच्या आकड्याबद्दल थोडं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. १२० ला २४ ने नेमका भाग जातो, त्यामुळे प्रत्येक चित्र सारखंच, पाच वेळा दिसतं. ६० हर्ट्झवर एक चित्र दोनदा आणि पुढचं तीनदा असा क्रम लागतो, आणि कॅमेरा हळूहळू आडवा फिरतो तेव्हा किंचित हिसके बसतात. ९० लाही २४ ने भाग जात नाही. तिथे तीन चित्रं चार-चारदा आणि एक तीनदा. हिसका थोडा कमी होतो, पण जात नाही. शिवाय काही टॅब व्हिडिओ चालू झाला की बॅटरी वाचवायला स्वतःहून ६० वर उतरतात. म्हणून ९० हर्ट्झसाठी जास्तीचे पैसे मोजायचे असतील तर ते सिनेमासाठी मोजू नका. पानं सरकवताना डोळ्यांना बरं वाटतं, इतकाच त्याचा उपयोग.

आवाजात मला बजेट टॅबचं कौतुक वाटतं. चार स्पीकर असले की टॅब आडवा धरल्यावर डावं-उजवं नीट वेगळं ऐकू येतं, संवाद स्वच्छ कळतात. बहिणीच्या टॅबमध्ये खालचा स्वर भरीव आहे आणि आवाज मोठा केला तरी काच थरथरत नाही, माझ्यात थरथरते. पण हेडफोन लावले की गणित उलटतं. आयपॅड प्रोमधून हेडफोन जॅक २०१८ मध्येच गेला, सॅमसंगच्या वरच्या टॅबमधूनही तो केव्हाच नाहीसा झालाय. माझ्या टॅबला तो आहे. साधा वायरचा चांगला हेडफोन लावून रात्री शास्त्रीय गायन ऐकतो तेव्हा तानपुऱ्याची आस शेवटपर्यंत ऐकू येते, चार्जिंगची काळजी नाही, आणि ओठ-आवाज मागेपुढे होण्याचा त्रास नाही. मेमरी कार्डात माझा सगळा संगीतसंग्रह बसलाय, तो वेगळाच आनंद.

आता जिथे स्वस्ताई रोज टोचते ती जागा: वाट पाहणं. दोष बहुतेक लोक प्रोसेसरला देतात, पण माझ्या अनुभवात निम्मा दोष स्टोरेजचा आहे. बऱ्याच स्वस्त टॅबमध्ये ईएमएमसी प्रकारचं स्टोरेज असतं, महागड्यांमध्ये यूएफएस किंवा त्याहून वेगवान. ईएमएमसी म्हणजे अरुंद पूल, एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडणारा. वाचणं चालू असताना लिहिणं थांबतं, लिहिताना वाचणं थांबतं. यूएफएसमध्ये दोन्ही एकदम चालतं. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की मागे ॲप अपडेट होत असताना पुढे सिनेमा निवडायला गेलो की सूची अडखळते, पोस्टर एकेक करून उगवतात, मागे जायचं बटण दाबलेलं लगेच कळत नाही. स्टोरेज भरत आलं की हे आणखी वाढतं. हा दोष नवा नाही. गूगलचा २०१२ चा नेक्सस ७ हा स्वस्त मीडिया टॅबचा पहिला गाजलेला नमुना, आणि वापरता वापरता मंदावण्यासाठीही तो तितकाच गाजला. मोकळी झालेली जागा स्टोरेजला कळवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये ४.३ आवृत्तीत, म्हणजे २०१३ मध्ये आली. आज ती सगळीकडे आहे, तरी मी माझ्या टॅबमध्ये निदान एक चतुर्थांश जागा रिकामी ठेवतो. डाउनलोड केलेले भाग पाहून झाले की काढून टाकतो, गाणी कार्डावर. एवढ्याने बराच फरक पडला.

४ जीबी रॅमचं दुखणं वेगळं. व्याख्यान ऐकता ऐकता ब्राउझरमध्ये संदर्भ शोधायला गेलो आणि परत आलो की व्हिडिओचं ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडतं. ‘रॅम वाढवा’ म्हणून दिलेली सोय मी बंद केली आहे. ती स्टोरेजचाच तुकडा रॅमसारखा वापरते, आणि स्टोरेजच मंद असेल तर ओझं त्याच्याच डोक्यावर.

बॅटरी दोन्हींची मला पुरते. चार्जिंगला मात्र बजेट टॅब फार वेळ घेतो. ७००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे २७ वॅट-तास. १० वॅटच्या चार्जरने ती भरायला तीन तास सहज जाणार. यावर उपाय नाही, रात्री लावून ठेवायचा. एक बारीक गोष्ट बॅटरीवर परिणाम करते: एव्ही१ प्रकारचे (व्हिडिओ दाबून लहान करायच्या एका नव्या पद्धतीचे) व्हिडिओ आता वाढताहेत आणि अनेक स्वस्त चिपमध्ये ते उलगडायची वेगळी यंत्रणा नसते, मग सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो आणि टॅब तापतो. तसे महागडेही यात फार आधीपासून नाहीत. आयपॅड प्रोमध्येसुद्धा ही सोय एम४ बरोबर आली.

प्रकाश मोजणारा सेन्सर नसणं ही किरकोळ वाटणारी पण रोज आठवण करून देणारी उणीव. काही बजेट टॅबमध्ये तो असतो, माझ्यात नाही, त्यामुळे प्रखरता दर वेळी हाताने बदलावी लागते. आईला हे सगळ्यात त्रासाचं वाटतं. बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सरही नाही. कॅमेऱ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

राहिला प्रश्न टिकण्याचा, आणि इथे महागड्याचा दावा मला सगळ्यात पटतो. सॅमसंगने २०२४ च्या गॅलक्सी टॅब एस१० मालिकेला सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं. बजेट टॅबमध्ये अँड्रॉइडच्या एक-दोन नव्या आवृत्त्या मिळाल्या तरी बरं म्हणायची वेळ येते, काही कंपन्या तर कसलंच वचन देत नाहीत. स्ट्रीमिंगची ॲप कालांतराने जुन्या आवृत्त्यांना सोडून देतात. स्क्रीन ठणठणीत, स्पीकर ठणठणीत, आणि ॲप म्हणतं हे उपकरण चालणार नाही. किंमत ठरवताना ती वापराच्या वर्षांनी भागून बघितली तर दोन गटांतलं अंतर दिसतं तेवढं मोठं राहत नाही.

तरीही बहिणीसारखं रोजचं काम नसेल, रात्रीच्या अंधारात सिनेमा बघायचा हट्ट नसेल, तर मी आजही बजेट टॅबच सुचवेन. फक्त तो एल१ चा असावा, पॅनेल १९२० बाय १२०० चं असावं, आणि अपडेटचं वचन कंपनीने लेखी दिलेलं असावं. रॅम ६ जीबी पुरते. ८ जीबीसाठी वाढीव पैसे मोजायची तयारी असेल तर तेच पैसे यूएफएस स्टोरेजच्या मॉडेलकडे वळवा, रोजच्या वापरात फरक त्यानेच जास्त पडेल.