हळू वाचणाऱ्याने पुस्तक आणावं की घ्यावं?

मी दिवसाला ८ पानं वाचतो. वाशीची लोकल ठाण्यातूनच सुटते म्हणून बसायला मिळतं, मग घणसोली येईपर्यंत चार. उरलेली रात्री जेवणं आटोपल्यावर. कधी सकाळचीच चार रात्री पुन्हा. असं वाचणाऱ्याने वाचनालय लावावं की पुस्तकं विकत घ्यावीत, असं शेजारच्या मुलाने परवा विचारलं. मी दोन्ही करून पाहिलंय.

वाचनालयाचं पारडं हलकं नाही. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून ज्या गावात आहे, तिथे पुस्तक विकत घेणं म्हणजे उधळेपणा, असंच आमच्या घरात मानत. आवृत्ती संपलेलं पुस्तक हवं असेल तर दुसरा इलाजही नसतो. नाही आवडलं तर बदलून आणता येतं. शिवाय घरात जागा अडत नाही, आणि वन बीएचकेत ही काही छोटी गोष्ट नाही.

मुदतीचं म्हणाल, तर १५ दिवसांत माझी १२० पानं होणार. म्हणजे ४०० पानांच्या पुस्तकाला तीनदा मुदतवाढ. पण आमच्या छोट्या वाचनालयातल्या बाईंना माझी गत ठाऊक होती. काही न बोलता शिक्का मारायच्या.

मला घालवलं ते निळ्या बॉलपेनने. एका ललितलेखांच्या पुस्तकात आधीच्या कुणी पानोपानी रेघा ओढल्या होत्या. भरभर वाचणाऱ्याला त्याचं फार काही वाटणार नाही. मी मात्र पान उलटलं की आधी निळ्या रेघेवर जाऊन पडे. वाक्य वाचायच्या आधीच ते भारी आहे असं कुणीतरी सांगून ठेवलेलं! थांबायचं कुठे हेच जर दुसऱ्याने ठरवलं, तर सावकाश वाचून उपयोग काय? एका ठिकाणी समासात ‘वा!’ होतं. ते लिहिणारा माणूस मला आठवडाभर डोळ्यांपुढे दिसत होता. पेन्सिल असती तर खोडून टाकली असती.

शेवटी तेच पुस्तक साडेतीनशे रुपयांना घेतलं. कोऱ्या प्रतीत रहाटाच्या आवाजाबद्दलचं एक साधं वाक्य भेटलं, त्याच्यावर मी तुर्भ्यापर्यंत बसून राहिलो. वाचनालयाच्या प्रतीत ते दोन निळ्या रेघांच्या मधे होतं, आणि माझ्या नजरेतून सपशेल निसटलं होतं.

विकतच्या पुस्तकांचे ताप आहेतच. पावसाळ्यात पानं दमट होतात, कसर लागते, बायको कपाटाकडे बघून सुस्कारा टाकते. ‘आपलंच आहे, वाचू सावकाश’ म्हणत न उघडलेली पाचसहा माझ्याकडेही निघतील. म्हणून त्या मुलाला एवढंच म्हटलं, की आधी वाचनालयातून आणून ३० पानं वाच, आणि पुन्हा मागे जाऊन वाचावंसं वाटलं तर दुकान गाठ. महिन्याला दोन पुस्तकं संपवणारा असशील तर वर्गणीच परवडेल. पण तू तसा दिसत नाहीस.

एक मात्र कबूल करतो. परवा जुनं एक घरचं पुस्तक काढलं, तर त्यात माझ्याच ठळक रेघा. त्याही नको तिथे. आता अगदी पुसट खूण करतो, आणि पिशवीत खोडरबर असतो.