तीन संस्थांचा एक एम.टेक. : क्लिनिकल इंजिनिअरिंगच्या संयुक्त अभ्यासक्रमाविषयी

अभियांत्रिकीची पदवी हातात आल्यावर आरोग्यतंत्रज्ञानाकडे वळू पाहणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक मला नेहमी विचारतात, की या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण नेमके कोठे घ्यावे. माझे उत्तर आजही तेच आहे. आयआयटी मद्रास, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज (सीएमसी) आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था यांनी मिळून चालवलेला क्लिनिकल इंजिनिअरिंगचा, म्हणजे रुग्णालयातील यंत्रांच्या अभियांत्रिकीचा, एम.टेक. हा आपल्या देशातील अत्यंत मोलाचा अभ्यासक्रम आहे, आणि ज्याला रुग्णालयातील यंत्रांशी आयुष्यभर नाते जोडायचे आहे त्याने त्याचा विचार सर्वांत आधी करावा. मी स्वतः तो पूर्ण केला असून सध्या पुण्यातील एका रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात काम करतो. त्यामुळे तेथे शिकलेल्या गोष्टींपैकी कोणत्या रोजच्या कामात उपयोगी पडतात, हे मी काहीशा अधिकाराने सांगू शकतो.

या अभ्यासक्रमाचे खरे बलस्थान म्हणजे त्याची मांडणी. यंत्रामागचे भौतिकशास्त्र, संदेशप्रक्रिया आणि यामिकी हे विषय आयआयटीत ज्या काटेकोरपणे शिकवले जातात, तसे रुग्णालयात शिकवता येणार नाहीत. उलट, कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहिल्यावर जे कळते ते आयआयटीच्या वर्गात कळणे अशक्य आहे. श्री चित्रा संस्थेत तर रुग्णालय आणि उपकरणे घडवणाऱ्या प्रयोगशाळा एकाच छत्राखाली आहेत. संस्थेचा जैववैद्यकीय तंत्रज्ञान विभाग पूजप्पुरा येथील सॅटेलमंड राजवाड्याच्या आवारात आहे. त्रावणकोरच्या राजघराण्याने दिलेल्या वास्तूतून उभी राहिलेली ही संस्था १९८० मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली. विद्यार्थ्याला या तिन्ही वातावरणांतून जावे लागते आणि त्यातूनच त्याची विचार करण्याची पद्धत बदलते.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. विद्युत सुरक्षिततेचा विषय पदवीच्या अभ्यासक्रमातही असतो, परंतु तेथे तो अर्थिंग आणि फ्यूज यांच्यापुढे फारसा जात नाही. येथे सेफ्टी अ‍ॅनालायझर हाती घेऊन, रुग्णाला जोडल्या जाणाऱ्या एकेका तारेतून किती लीकेज करंट, म्हणजे गळतीचा विद्युतप्रवाह, वाहतो हे स्वतः मोजावे लागते. थेट हृदयाशी संबंध येणाऱ्या उपकरणांसाठी, म्हणजे सीएफ प्रकारासाठी, सर्वसाधारण स्थितीतील मर्यादा १० मायक्रोअँपिअर आहे, तर केवळ शरीराशी संबंध येणाऱ्या बीएफ प्रकारासाठी ती १०० मायक्रोअँपिअर आहे. हे आकडे पाठ करणे सोपे आहे. ते इतके कमी का, याचे उत्तर मात्र शरीरशास्त्रात आहे. कोरडी त्वचा विजेला मोठा अडथळा करते, म्हणून बाहेरून बसणारा किरकोळ झटका माणूस सहन करतो. परंतु रुग्णाच्या शिरेतून हृदयापर्यंत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, गेलेला असेल, तर त्वचेचे ते संरक्षण उरत नाही आणि एरवी जाणवणारही नाही इतका क्षीण प्रवाह हृदयाची लय बिघडवू शकतो. ही गोष्ट ज्याने अतिदक्षता विभागात प्रत्यक्ष कॅथेटर पाहून समजून घेतली आहे, तो अभियंता तुटलेल्या अर्थ पिनचा प्लग ‘चालतंय की’ म्हणून कधीही सोडून देणार नाही.

श्री चित्रा संस्थेतील शिक्षणाचे वैशिष्ट्य सांगायचे तर चित्रा हृदयझडपेचा उल्लेख टाळता येत नाही. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली ही कृत्रिम झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली. आज देशात तिच्याविषयी अभिमानाने बोलले जाते, ते योग्यच आहे. परंतु विद्यार्थ्यासाठी त्या यशाइतकाच बोधप्रद भाग म्हणजे त्याआधी सोडून द्यावे लागलेले तीन आराखडे. कोठे वेल्डिंगचा सांधा तुटला, कोठे धातूची झीज झाली, कोठे कृत्रिम नीलमण्याची तबकडी फुटली. आणि अखेर कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची चौकट व अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची तबकडी ही जोडी टिकली. मिनिटाला ७० ठोके धरले तर हृदयाची झडप वर्षाला सुमारे ३ कोटी ६८ लाख वेळा उघडते आणि मिटते, आणि रुग्णाने ती दशकानुदशके वापरायची असते. हा हिशेब एकदा स्वतः मांडला की टिकाऊपणाच्या चाचण्यांवर वर्षे का घालवावी लागतात, हे कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज राहत नाही. याच संस्थेने विकसित केलेली रक्तपिशवी पुढे उद्योगाकडे हस्तांतरित होऊन मोठ्या प्रमाणावर बनू लागली. प्रयोगशाळेतील वस्तू कारखान्यापर्यंत कशी पोहोचते, हे शिकण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

वेल्लोरमध्ये जे मिळते ते वेगळ्या जातीचे आहे. सीएमसीसारख्या प्रचंड वर्दळीच्या रुग्णालयात यंत्राचे मूल्यमापन त्याच्या माहितीपत्रकावरून होत नाही. परिचारिका ते किती सहजतेने हाताळू शकते, त्याचा अलार्म किती वेळा विनाकारण वाजतो, ते पुसून निर्जंतुक करायला किती वेळ लागतो आणि बिघडल्यास सुटा भाग किती दिवसांत येतो, हे तेथे पाहिले जाते. पल्स ऑक्सिमीटरचेच पाहा. लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशकिरणांच्या शोषणातील फरकावरून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ठरते, हे तत्त्व वर्गात एका तासात शिकून होते. परंतु थंड पडलेली बोटे, मेंदीचा किंवा नेलपॉलिशचा थर, रुग्णाची थरथर आणि त्वचेचा गडद वर्ण यांमुळे तो आकडा कितपत विश्वासार्ह राहतो, हे धमनीतील रक्ताच्या तपासणीचा अहवाल शेजारी ठेवून पाहिल्यावरच पटते. सावळ्या वर्णाच्या लोकसंख्येच्या देशात हा मुद्दा तळटीपेत टाकण्यासारखा नाही, असे मला तीव्रतेने वाटते.

या अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्याने कायद्याचा आणि मानकांचा अभ्यास मात्र परीक्षेपुरता मर्यादित ठेवू नये. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि त्यांनी उपकरणांची जोखमीनुसार अ ते ड अशा चार वर्गांत विभागणी केली. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याच्या कक्षेत आली. त्यामुळे आयएसओ १३४८५ ही गुणवत्ता व्यवस्थापनाची आणि आयएसओ १४९७१ ही जोखीम व्यवस्थापनाची मानके ज्याला खरोखर समजली आहेत, अशा अभियंत्याला आज रुग्णालयाप्रमाणेच कारखान्यातही मागणी आहे. या वाचनाचा पुष्कळांना कंटाळा येतो. माझे मत असे, की रुग्णाच्या बाजूने उभे राहण्याचे अभियंत्याजवळचे सर्वांत मोठे साधन तेच आहे.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. तीन शहरांत शिकायचे म्हणजे बिऱ्हाड हलवणे आलेच, आणि महाराष्ट्रातून गेलेल्या विद्यार्थ्याला तमिळ व मल्याळम या दोन्ही भाषा नव्या असतात. रुग्णाशी आणि वॉर्डातील कर्मचाऱ्यांशी बोलण्यापुरते शब्द शिकून घेतल्याखेरीज निरीक्षण अर्धेच होते. इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकलमधून आलेल्यांना सुरुवातीला शरीरक्रियाशास्त्र जड जाते, तेव्हा प्रवेशापूर्वीच्या सुट्टीत त्याचे एखादे प्राथमिक पुस्तक वाचून जावे. प्रवेशासाठी गेट या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी मन लावून करावी, कारण जागा थोड्या आणि इच्छुक फार.

एवढे सगळे सोसून जावे का, असे विचारणाऱ्यांना मी दुसरी बाजू दाखवतो. वैद्यकीय तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीची जाहिरात करणारी काही महाविद्यालये मी पाहिली आहेत. तेथे व्हेंटिलेटर आहे, परंतु तो प्लास्टिकच्या आवरणाखाली. डायलिसिसचे यंत्र आहे, परंतु त्याला पाण्याची जोडणी नाही. आणि रुग्णालयाचा अनुभव म्हणजे एका दुपारची सहल. अशा ठिकाणी दोन वर्षे आणि पालकांचे पैसे घालवणाऱ्या मुलांविषयी मला मनापासून वाईट वाटते. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी, विद्यार्थी रुग्णालयात किती आठवडे असतात आणि तेथे त्यांना यंत्राला हात लावू देतात का, एवढे दोनच प्रश्न तेथे शिकत असलेल्यांना अवश्य विचारावेत.

ज्यांना महाराष्ट्रातच राहायचे आहे आणि ज्यांचा ओढा देखभालीपेक्षा नवे उपकरण घडवण्याकडे आहे, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचा बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा एम.टेक. अधिक योग्य ठरेल. तेथील बेटिक हे केंद्र २०१४ मध्ये राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने सुरू झाले. डॉक्टर आणि अभियंते यांना एकत्र बसवून उपकरणे विकसित करणाऱ्या या केंद्राचा विस्तार नागपूरच्या व्हीएनआयटीपर्यंत आणि पुण्याच्या सीओईपीपर्यंत झाला. एमबीबीएस झालेल्यांसाठी आयआयटी खरगपूरचा वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञानाचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. रुग्णालयातील नोकरीत पहिली काही वर्षे पगार सॉफ्टवेअर कंपनीइतका मिळत नाही, ही गोष्ट घरी आधीच मोकळेपणाने बोलून ठेवावी. शैक्षणिक कर्जाचा हप्ता डोक्यावर असेल तर उपकरणनिर्मिती कंपन्यांतील गुणवत्ता आणि नियमन विभागांकडे प्रथम अर्ज करावा आणि रुग्णालयाकडे नंतर वळावे.