मिर्झापुरात घेतलेला गालिचा आणि त्याचे अस्तर

काशी-प्रयागाची यात्रा आटोपून विंध्यवासिनीच्या दर्शनासाठी आम्ही पती-पत्नी गेल्या कार्तिकात मिर्झापूरला गेलो. विंध्यवासिनी, कालीखोह आणि अष्टभुजा ही त्रिकोण यात्रा झाल्यावर गाडीवाल्याने, गालिचे कसे विणतात ते तरी पाहून जा, असा आग्रह करून गाडी एका कारखान्याकडे वळवली.

तिथे जे पाहिले ते खरे होते, हे आधी सांगतो, कारण फसवणुकीचे सारे बळ त्या खरेपणातच होते. उभ्या मागावर एक वयस्क विणकर ताण्याच्या, म्हणजे उभ्या, दोन-दोन धाग्यांभोवती लोकरीची गाठ मारून सुरीने टोक कापत होते आणि ओळ पुरी झाली की आडवा धागा घालून लोखंडी पंज्याने ती ठोकत होते. अशा गालिच्याला काही महिने लागतात, आणि भदोहीच्या गालिच्यांना २०१० साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात मिर्झापूरही येते, असे मालकाने सांगितले. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. मग चहा आला आणि शेजारच्या दालनात चार बाय सहा फुटांचा किरमिजी गालिचा आमच्यापुढे उलगडला गेला. हा मागावरच्यासारखाच आहे, असे मालक म्हणाले नाहीत. ते आम्हीच गृहीत धरले.

मी गालिचा उलटूनही पाहिला. पाठीला जाड कापड चिकटवलेले होते. गाठी झिजू नयेत म्हणून अस्तर लावतो, असे उत्तर मिळाले. साडीला फॉल लावतात तसेच हे, अशी माझी समजूत पत्नीने घातली. घासाघीस करून ५२ हजारांचा भाव ३४ हजारांवर आणल्याचे आम्हाला समाधानच वाटले.

उन्हाळा लागला तसा पुण्यातल्या घरी गालिच्याला रबराचा वास येऊ लागला आणि खालच्या फरशीवर पिवळसर भुकटी दिसू लागली. गालिचे दुरुस्त करणाऱ्या कारागिराने अस्तराचा कोपरा सोडवला, तर आत एकही गाठ नव्हती. ताणलेल्या कापडात यंत्राच्या बंदुकीने सूत टोचून, मागून लॅटेक्स म्हणजे रबरी चीक चोपडून वर कापड डकवलेला हा ‘टफ्टेड’ गालिचा होता. तो विकणे गैर नाही, पण तो काही दिवसांत तयार होतो आणि त्याची किंमत फारच कमी असते. हाताने गाठलेल्या गालिच्याच्या पाठीवर नक्षी जवळजवळ पुढच्याइतकीच स्पष्ट दिसते, गाठी नखाने मोजता येतात, आणि दशा म्हणजे ताण्याचीच टोके असतात. आमच्या गालिच्याच्या दशा शिवून लावलेल्या होत्या. नक्षीतल्या ‘रेशमा’चा धागा जाळला, तर केस जळल्याऐवजी कागद जळल्याचा वास आला, म्हणजे तो व्हिस्कोस, अर्थात कृत्रिम रेशीम होता.

फोनवर मालक शांतपणे म्हणाले, “हाताने बनवलेला म्हणालो होतो, बंदूक हातातच धरतात.” २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मिर्झापूरला खेटे घालावे लागत नाहीत. मात्र वकिलांनी पहिल्यांदा पावती मागितली. माप, लोकर, रेशीम, गाठी यांपैकी काहीही मी तिच्यावर लिहून घेतले नव्हते. रकमेशेजारी एवढेच होते: कालीन, १ नग.