फिरकीचा पितळी सोऱ्या: मक्याच्या चकलीला झकास, बारीक शेवेला जेमतेम

भाजणीत उडीद असतो, त्याच्या चिकटपणावर कुठल्याही साच्यातून चकली बरी पडते. मक्याच्या पिठाला तेवढा चिकटपणा नाही. कण खरखरीत, पाणी हळूहळू पिणारं आणि दाबलं की घट्ट बसणारं हे पीठ सोऱ्याचा कस काढतं. म्हणून हा फिरकीचा सोऱ्या मका आणि डाळीच्या पिठावरच पारखला आहे.

दाबाच्या साच्यापेक्षा फिरकीचा कधीही बरा. घट्ट पीठ दोन्ही हातांनी रेटताना मनगट भरून येतं आणि धार तुटते. फिरकीत जोर सारखा लागतो, चकलीचे वेढे एकसंध पडतात. पितळेचं वजनही कामी येतं, साचा हातात डगमगत नाही. हलक्या ॲल्युमिनियमच्या साच्याचे आटे लवकर झिजतात, मग मूठ फिरते पण दट्ट्या खाली जात नाही.

विकत घेताना दोन गोष्टी दुकानातच पाहून घ्याव्यात. पहिली, दट्ट्या आणि नळकांड्याची भिंत यांतली फट. ती जास्त असेल तर पीठ चकतीतून खाली येण्याऐवजी कडेने वर चढतं आणि दर भरणीला दट्ट्या खरवडत बसावं लागतं. या सोऱ्यात फट थोडी आहेच, पीठ फार घट्ट असलं की ती जाणवते. दुसरी, चकतीची भोकं. त्यांवरून बोट फिरवावं. कडा खरखरीत लागल्या तर शेव चिरत बाहेर पडते.

आता प्रमाण. चकलीसाठी २ वाट्या बारीक दळलेलं मक्याचं पिवळं पीठ, १ वाटी बेसन आणि मूगडाळ कोरडी भाजून केलेलं पाव वाटी पीठ. पांढरं कॉर्नफ्लोअर चालणार नाही, ते नुसतं स्टार्च असतं. दीड चमचा मीठ, २ चमचे तिखट, अर्धा चमचा हळद, २ चमचे तीळ. ४ टेबलस्पून तेल कडकडीत तापवून पिठावर ओतावं आणि बोटांनी नीट चोळावं. मूठ वळून पाहावी: पिठाचा मुटका झाला आणि बोटाने ढकलल्यावर मोडला, तर मोहन बरोबर. कमी पडलं तर चकली दगड होते. जास्त झालं तर ती तेलात विरघळते, आणि तळायला सुरुवात झाल्यावर त्यावर फारसा इलाज उरत नाही. तेव्हा मोहन मोजूनच घालावं, अंदाजावर सोडू नये.

सव्वा ते दीड वाटी उकळतं पाणी थोडं थोडं घालून चमच्याने कालवावं आणि झाकण ठेवून २० मिनिटं सोडावं. गार पाण्याने मळलं तर मक्यातला स्टार्च फुलत नाही, पीठ धरून राहत नाही आणि वेढा घालतानाच तुकडे पडतात. नंतर लागेल तसा पाण्याचा हात लावून मऊ मळावं. झाकून ठेवलं तरी ते तासाभरात पुन्हा घट्ट होतं, म्हणून प्रत्येक भरणीआधी थोडं मळून घ्यायचं. उरलेल्या पिठावर ओलं फडकं हवंच.

सोऱ्याला आतून तेलाचं बोट फिरवून पीठ दाबून भरावं. मध्ये पोकळी राहिली तर धार तुटते, शिवाय चकलीत अडकलेली हवा आणि वाफ तेलात फुटून तेल अंगावर उडतं. एका भरणीत मध्यम आकाराच्या सहा-सात चकल्या होतात, म्हणजे मोठ्या घाण्याला सारखं भरत बसावं लागणार.

तेल १७० ते १७५ अंशांवर असावं. थर्मामीटर नसेल तर पिठाची गोळी टाकावी: ती क्षणभर बुडून सावकाश वर आली की चकल्या सोडाव्यात. जास्त तापलेल्या तेलात मका झपाट्याने रंग धरतो आणि आतून कच्चा राहतो. वरून लालबुंद चकली दुसऱ्या दिवशी मऊ पडते ती यामुळेच. तेल निवलेलं असलं तर चकली ते पिऊन तेलकट होते. बुडबुडे जवळजवळ थांबले की काढावी, नुसत्या रंगावर जाऊ नये.

शेवेला प्रमाण उलटं: २ वाट्या बेसन, १ वाटी मका, दोन्ही दोनदा चाळून. ओवा वाटून, गाळून फक्त त्याचं पाणी घालावं, कारण एक अख्खा दाणाही भोक बुजवतो. मध्यम चकतीवर हा सोऱ्या व्यवस्थित चालतो. सगळ्यात बारीक चकतीवर मात्र मूठ इतकी जड होते की कढईवर साचा धरून फिरवताना हात भाजायची भीती वाटते. पीठ सैल केलं की शेव गुठळून पडते. बारीक शेव हीच मुख्य गरज असेल तर हा घेऊ नये.

ताक घातलेलं पीठ पितळेत भरून ठेवू नये, आंबटाने पितळ कळकतं. काम झाल्यावर चकत्या गरम पाण्यात टाकून काडीने भोकं मोकळी करावीत, आट्यांत अडकलेलं पीठ जुन्या ब्रशने काढावं आणि सगळे भाग लगेच पुसून कोरडे करावेत.