पोलिश बोलताना ‘दोब्रि’ की ‘फाइनि’?

दोन्हींचा ढोबळ अर्थ चांगला, छान. (शेवटचा ‘ि’ पूर्ण ‘इ’ नाही, जीभ जरा मागे घेऊन उच्चारायचा.)

आधी अर्थाचं. ‘दोब्रि लेकाश’ म्हणजे ज्याच्या औषधाने गुण येतो असा डॉक्टर. ‘फाइनि लेकाश’ हसून बोलतो, वेळ देतो. निदान कसं करतो ते त्यातून कळत नाही. सूप चवदार असेल तर ‘दोब्रा झुपा’च म्हणावं. सहल, सिनेमा, नवी ओळख, भाड्याची खोली यांना मात्र ‘फाइनि’ सहज शोभतं. शाळेच्या गुणपत्रकात ‘दोब्रि’ म्हणजे 6 पैकी 4, म्हणजे वर अजून दोन पायऱ्या.

खरी डोकेदुखी रूपांची. मराठी माणसाला ‘छान’ न बदलता वापरायची सवय. पोलिशमध्ये दोन्ही शब्द ‘चांगला-चांगली-चांगलं’सारखे चालतात. एकवचनात काही अडत नाही: फाइनि, फाइना, फाइने. अनेकवचनात पुरुष असलेला गट वेगळा आणि बाकी सगळे वेगळे. बायका, मुलं, कुत्रे, पुस्तकं यांना ‘फाइने’, पण पुरुषांना ‘फाइञी’. दहा बायकांत एक पुरुष आला तरी ‘फाइञी’च. आपण मिश्र गटाला ‘ती सगळी चांगली’ म्हणत नपुंसकलिंग लावतो, म्हणून इथे हमखास चुकतं.

‘दोब्रि’चं याच ठिकाणी ‘दोब्झि’ होतं, ‘र’ जाऊन ‘श’ला घोष दिल्यासारखा, म्हणजे ‘श’ म्हणताना कंठ थरथरवल्यासारखा ध्वनी येतो. आणि ‘चांगल्या प्रकारे’ या अर्थाचं क्रियाविशेषण ‘दोब्झे’. घाईत दोन्ही एकसारखे ऐकू येतात. शिवाय ‘अधिक चांगला’ म्हणायला मूळ शब्दच बदलतो: ‘लेपशि’. ‘फाइनि’चं सरळ ‘फाइञेयशि’, क्रियाविशेषण ‘फाइञे’. मला याच एका कारणाने पहिल्या काही महिन्यांसाठी ‘फाइनि’ जास्त सोयीचा वाटतो. बोलताना अडखळायला कमी जागा.

त्याची मर्यादाही खरी. जर्मन ‘फाइन’वरून आलेला हा शब्द अजून बोलीतलाच आहे, अर्जात, कार्यालयीन पत्रात किंवा निबंधात तो टाळावा. तिथे ‘दोब्रि’ला पर्याय नाही, आणि ‘जेञ दोब्रि’ हे अभिवादन तर पहिल्या दिवसापासून लागतंच. तेव्हा ‘दोब्रि’ ठरलेल्या वाक्यांसकट पाठ करा: जेवण, कौशल्य, अभिवादन. गप्पांत मात्र ‘फाइनि’ने सुरुवात करा आणि ‘फाइञी’ची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या.